साडूची गोटी आणि माडीवरचा संडास

एकोणीसशे शहाण्णव साली मी एकसष्ट वर्षांचा होतो. एकसष्ट वर्षांत मी पहिलवान पाह्यले, पुढारी पाह्यले, अंगात येणारे भगत पाह्यले, पण माझ्या साडूएवढा उतारवेडा माणूस ह्या जालना जिल्ह्यात दुसरा झाला न्हाई, आणि आता होणारही न्हाई. कुणाला पत्त्याचं वेड असतं, कुणाला कोर्टकचेरीचं. ह्या माणसाला उताराचं वेड होतं. सांडलेलं पाणी कुठून कुठं जाईल, एवढा एकच प्रश्न घेऊन तो जन्माला आल्ता, आणि देवानंही त्याला नोकरी तशीच बराबर हुडकून दिली. तो कालव्यावर पाटकरी होता. म्हंजे चारीचं दार उघडायचं, झाकायचं, आणि कुणाच्या वावरात किती वेळ पाणी गेलं ते बघायचं. वीस वर्षं त्यानं सायकलवर बसून वाहतं पाणी पाह्यलं. रिटायर होऊन शहागडला घर बांधलं तरी त्याची नजर जमिनीवरून वर काही आली न्हाई. रस्त्यात गाठ पडली तर आधी आपल्या पायाखाली बघायचा, मंग तोंडाकडं.

त्याची बायको माझ्या बायकोची सख्खी धाकटी बहीण. म्हणून माझ्या बायकोला तो आक्का म्हणायचा आणि मला भाऊ. मी त्याला पाटकरीच म्हणायचो. मी स्वतः निजामाच्या राजवटीत तीन इयत्ता शिकलो, त्याही उर्दूत. मराठी अक्षर मागून माझं मीच गिरवलं. त्यामुळं लिहिण्यात कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यानं समजून घ्यावं. पण सांगण्यात माझ्याकडून चूक होत न्हाई.

त्याच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक गोटी असायची. हिरवट काचेची, गोटी सोड्याच्या बाटलीतून निघालेली. कुणाच्याही घरी गेला की पायताण काढायचं, पाणी प्यायचं आणि गोटी फरशीवर ठेवायची. गोटी ज्या दिशेनं पळंल तिकडं हा उकिडवा चालत जायचा, आणि घरधन्याला सांगायचा, "तुमचं घर इकडं उतरलंय." जसा वैद्य सांगतो, तुमचं पित्त वाढलंय. एकदा आम्ही पाचसहा जण त्याच्या पुतणीसाठी जाफराबादला पोरगा बघायला गेल्तो. बाकीचे जमीन किती, भाऊ किती, विहिरीला पाणी किती असं विचारून राह्यले होते. ह्यानं बैठकीच्या उंबऱ्याजवळ गोटी ठेवली. गोटी निघाली ती सरळ स्वयंपाकघरात चुलीपाशी जाऊन थांबली. हा म्हणाला, "पोरगा हिरा हाय. पण ह्या घरात सांडलेलं समदं चुलीकडं जातं. आमची पोरगी जन्मभर हातात फडकं घेऊन बसंल." पोराचा बाप भडकला, चहा तसाच राह्यला. पण महिन्यानं त्यांचाच निरोप आला की फरशी नवीन केलीय, गोटी घेऊन या. सोयरीक झाली. ती पोरगी अजून त्याचं नाव काढते.

पंगतीत बसला की पत्रावळ गोल गोल फिरवायचा. वरण आपल्याकडं यावं, शेजाऱ्याकडं जाऊ नये, एवढाच हेतू. जागा पसंत पडली न्हाई तर उठून दुसरीकडं बसायचा, आणि एकदा त्याच्या मागं मागं अख्खी रांग चार वेळा सरकली, तेव्हा वाढप्यानं वरणाची बादली खाली ठेवून हात जोडले. झोपताना बाज फिरवायची, डोकं चढाच्या बाजूला, पाय उताराला. "रगताला बी उतार लागतो, भाऊ," असं म्हणायचा. मी म्हणायचो, "पाटकरी, तुमची अक्कल पायात उतरली ती ह्याच्यानंच." त्यावर तो हसायचा. राग त्याला येतच न्हवता. तो सगळा वाटा देवानं मला दिला.

आमचं वडीगोद्रीचं घर मी शहाऐंशी साली बांधलं. खाली रस्त्याच्या अंगानं पोराचं खत-बियाण्याचं दुकान, वर आम्ही. गावात स्लॅबची माडी तेव्हा मोजून दोनतीन. वास्तुशांतीला तीस पाव्हणे माडीवर बसलेले, आणि ह्या माणसानं सगळ्यांच्या मधोमध गोटी ठेवली. ती पाव्हण्यांच्या मांड्यांमधून वाट काढत पश्चिमेच्या भिंतीला जाऊन आपटली. हा म्हणाला, "भाऊ, तुमचं घर दीड बोट मावळतीला गेलंय."

मी म्हणालो, "घर न्हाई गेलं. तुमची गोटी गेली."

"गोटी खोटं बोलत न्हाई, भाऊ."

"मंग मी बोलतो?"

त्यानंतर एक वर्ष मी त्याच्याशी बोललो न्हाई. बायका एकमेकींकडं येत जात होत्या. मी मात्र तो आला की दुकानात पोत्यांवर जाऊन बसायचो.

आता संडासाचं. आमचा संडास खाली, मागच्या बोळात. माडीवरून उतरायला अठरा पायऱ्या. मी आजही त्या सहज उतरतो. पण माझ्या बायकोचे गुडघे शहाण्णव सालापर्यंत पार गेले होते. भिंतीला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवून ती उतरायची, आणि खाली जाऊन पुन्हा उकिडवं बसायचं म्हंजे तिचा जीव जायचा. हे मला दिसत होतं असं मी म्हणू शकत न्हाई. बोलायची तिला सवय न्हवती आणि विचारायची मला न्हवती. ती जेवण कमी करून राह्यली होती. मला वाटलं, वय झालं, भूक मेली.

एके दिवशी साडू सकाळचा आला. दुपारपर्यंत बसला, इकडचं तिकडचं बोलला, आणि जेवायच्या वेळी एकदम म्हणाला, "आक्का, तुमचा तांब्या सकाळपासून भरलेलाच हाय."

"तहान न्हाई," ती म्हणाली.

"उन्हाळ्यात?"

तो माझ्याकडं वळला. "भाऊ, वीस वर्षांत पाण्याची पाळी आली तरी पाणी न घेणारा शेतकरी मी एकच पाह्यला. म्या म्हणलं, माजलंय बेणं. जाऊन पाह्यलं तर खालच्यानं बांध घालून त्याच्या वावराचं पाणी निघायची वाट बुजवून टाकली होती. पाणी घेतलं तर काढावं कुठून? म्हणून तो पाळी सोडून द्यायचा. आक्काचं तसंच हाय. अठरा पायऱ्या उतराय लागू नये म्हणून त्या पाणीच पिऊन न्हाई राह्यल्या."

मी बायकोकडं पाह्यलं. ती ताटात बोट फिरवत होती. किती दिवसांपासून, ते मी विचारलं न्हाई. डॉक्टरनं मागच्याच महिन्यात तिला लघवीच्या जळजळीचं औषध देऊन भरपूर पाणी प्या म्हणून बजावलं होतं, ते मला तेव्हा आठवलं.

दुसऱ्याच दिवशी मी जालन्याला गेलो. साडू म्हणाला, "मी येतो संगं." मी म्हणालो, "संडास घ्यायचा हाय, बैल न्हाई." दुकानदारानं खुर्चीसारखं बसायचं पांढरंशुभ्र भांडं काढलं आणि विचारलं, "काका, तोंड खाली पाहिजे का पाठीमागं?" भांड्याचं घाण जायचं तोंड दोन तऱ्हेचं असतं हे मला कुठं माहीत? एक भांडं फरशीतून खाली सोडतं, एक पाठीमागच्या भिंतीतून. पण माहीत न्हाई असं म्हणायचं माझ्या रक्तात न्हाई. मी म्हणालो, "पाठीमागं." बोलायला ते जरा भारी वाटलं, एवढंच कारण. जीपमध्ये मी ते बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. समोरच्या एका म्हातारीनं ती मूर्ती समजून डोक्यावर पदर घेतला. मीही गप्प बसलो.

इकडं येईपर्यंत आमच्या मिस्त्रीनं, मी सांगितल्याप्रमाणं, माडीवरच्या रिकाम्या खोलीत स्लॅबला टिकावानं बरोबर चार इंची भोक पाडून ठेवलं होतं. आम्ही भांडं लुगड्यातून काढलं. मिस्त्रीनं ते पुढून पाह्यलं, मागून पाह्यलं, आणि डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "चाचा, इसका मुँह तो पीछे है. मेरा सुराख नीचे है. अब मैं किधर जाऊं?"

मी म्हणालो, "उद्या बघू." तो उद्या पंधरा दिवस आला न्हाई. मिस्त्रीला मागं तोंड असलेल्या भांड्याचा अनुभव न्हवता, मला बदलून आणायची लाज, आणि साडूला बोलावायचं म्हंजे मरणच. ते भोक नेमकं पोराच्या दुकानातल्या काट्यावर आलं होतं. गिऱ्हाईक युरिया मोजून घेताना वर बघायचं आणि वरून मी खाली बघायचो. माझी बायको त्या भोकातून पोराला हाक मारून साखर मागवायची. गावातली माणसं गरज नसताना बियाणं बघायला येऊन राह्यली होती. आणि भांडं खोलीच्या कोपऱ्यात नव्या नवरीसारखं भिंतीकडं पाठ करून बसलेलं. बायको मात्र रोज त्याच्या समोरून जायची, आणि अठरा पायऱ्या उतरायची.

शेवटी तिनंच जीपवाल्याच्या हाती बहिणीला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी साडू दारात हजर. खांद्याला रबराच्या पारदर्शी नळीचं वेटोळं, हातात ओळंबा, आणि खिशात गोटी. भांडं बघून तो इतका खूश झाला की मला वाटलं आता त्याला आलिंगन देतो. "भाऊ, लाखात एक चीज आणली! हे मागून सोडतं, म्हंजे स्लॅबला हातच लावायचं काम न्हाई. भिंतीतून पाइप सरळ भाईर."

"स्लॅबला लागलाय हात," मी म्हणालो.

त्यानं भोकातून खाली पाह्यलं. खालून एका गिऱ्हाइकानं त्याला रामराम केला. ह्यानंही केला. आणि त्या भोकाबद्दल तो मला जन्मात एक शब्द बोलला न्हाई. हे मी विसरलो न्हाई.

पण खरं भांडण पुढंच होतं. मागचा बोळ आणि खालच्या संडासाची टाकी पश्चिमेला. साडूचं म्हणणं, भांड्याची पाठ पश्चिमेच्या भिंतीला लावा, पाइप सरळ निघंल, कुठं बाक न्हाई, कुठं अडकायचं काम न्हाई. पण पाठ पश्चिमेला म्हंजे बसणाऱ्याचं तोंड पूर्वेला. आमच्या वडलांची शिकवण अशी की ह्या कामाला उगवतीकडं तोंड करून बसू नये, सूर्यनारायणाचा अपमान होतो. मी म्हणालो, "माझ्या घरात हे बिलकुल चालणार न्हाई. तोंड उत्तरेला पाहिजे."

"मंग पाठ दक्षिणेला जाईल. तिकडं शेजाऱ्याची भिंत. पाइप आतल्या आत वळवून पाच फूट आडवा आणावा लागंल. बाकात घाण बसती, भाऊ. मंग तुम्ही रोज काठी घेऊन बसा."

"बसतो."

"तिरपं ठेवू का? ईशान्येला तोंड?"

"ईशान्येला देव असतो! तुमची मती फिरली का, पाटकरी?"

"पाण्याला पूर्व-पश्चिम काय कळतंय? त्याला उतार कळतो. आणि भाऊ, राग मानू नका, तुमचं घर आधीच मावळतीला दीड बोट..."

"घराचं नाव काढायचं न्हाई!"

आम्ही दोघं भांड्याच्या दोन बाजूंना उभे. मी त्याला उत्तरेकडं ओढतोय, तो पश्चिमेकडं ढकलतोय, मिस्त्री मधी भिंतीला टेकून बिडी पितोय. असा अर्धा तास गेला असंल. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. माझी बायको खाली निघाली होती, आणि सातव्या पायरीवर गुडघा धरून बसली होती. किती वेळची, कुणाला ठाऊक.

"एकाला पूर्व नको, एकाला बाक नको," ती तिथूनच म्हणाली. "मला कुठं बी तोंड करून बसवा. पण मी जित्ती हाय तवर बसवा."

बेचाळीस वर्षांच्या संसारात तिचा आवाज मी एवढा मोठा ऐकला न्हवता. तो रागाचा न्हवता, तेच वाईट. मिस्त्रीनं बिडी विझवली. मी भांडं सोडलं. पण सोडलं तरी तोंडातून होय निघंना. साडूनं माझ्याकडं पाह्यलं, मंग खोलीच्या दाराकडं पाह्यलं, आणि हळूच म्हणाला, "भाऊ, एक सांगू का? दार पूर्वेच्या भिंतीला हाय. खिडकी तिकडं न्हाई. दार लावलं की पूर्व बंद."

मी जरा विचार केल्यासारखं केलं. "हां," म्हणालो. "असं असंल तर चालतंय. हे आधी सांगायचं."

मंग कामाला जोर आला. साडूनं नळीत पाणी भरलं, नीट दिसावं म्हणून त्यात बायकोकडून मागून चिमूटभर कुंकू टाकलं, आणि नळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "हलू नका." ह्या गावात मला हलू नका म्हणणारा माणूस जन्मला न्हवता. पण मी अर्धा तास दगडासारखा उभा राह्यलो. दोन्ही टोकांचं लाल पाणी एका पातळीत आलं की तो भिंतीवर खूण करायचा, आणि भांड्याच्या तोंडाची उंची काढून भिंतीच्या बाहेरच्या अंगाला बोटभर खाली दुसरी खूण करायचा. मिस्त्रीनं भिंत फोडली. बाहेर चार इंची पाइप उभा केला, खाली टाकीला जोडला. वरचं टोक साडूनं छतापेक्षा उंच नेऊन त्यावर टोपी बसवली. "पाइपाला बी नाक पाहिजे. दम कोंडला की पाणी गुरगुरतं," तो म्हणाला. बोळातली माणसं विचारून राह्यली होती की हे धुराडं कशाचं.

भांडं बसवायच्या आधी त्यानं मला खाली बोळात पाठवलं. "पाइपाला कान लावा." मी लावला. वर त्यानं पाइपाच्या तोंडात आपली गोटी सोडली. आधी लांबून घर्र आवाज आला, न थांबता, सारखा. मंग टण्ण करून वळली, खडखडत माझ्या कानावरून खाली गेली, आणि टाकीत डुबुक झालं.

मी वर ओरडलो, "पाटकरी, गोटी गेली की!"

माडीच्या खिडकीतून त्याचं तोंड बाहेर आलं. "मधी कुठं थांबली का?"

"न्हाई. पण टाकीत गेली! पाइप टाकीला जोडलेला हाय!"

"मलाच सांगून राह्यलात? मीच जोडून घेतला." आणि त्यानं तोंड आत घेतलं.

सिमेंट सुकायला दोन दिवस लागले. तेवढे दिवस तो आमच्याकडंच राह्यला, आणि स्लॅबचं भोक त्यानं मिस्त्रीकडून स्वतः उभं राहून बुजवून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी माझी बायको त्या खोलीत गेली आणि दार लावलं. पूर्व बंद झाली. साडू अदबीनं बोळाच्या पार टोकाला जाऊन लिंबाच्या झाडाकडं बघत उभा राह्यला. मी दुकानात पोत्यावर बसलो. गिऱ्हाइकं होती. थोड्या वेळानं वरून बादलीभर पाणी सळसळत भिंतीतून खाली गेलं, आणि दुकानातल्या सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. पोरानं मान खाली घालून युरिया मोजला. मी म्हणालो, "काय बघून राह्यले रे? कधी पाणी पाह्यलं न्हाई?"

त्या दिवशी संध्याकाळच्या जेवणाला ती पोटभर जेवली आणि तांब्या उचलून घटाघटा प्याली. मी भाकरी मोडायचं थांबलो होतो, ते तिच्या लक्षात आलं असावं. साडू जेवण उरकून शहागडच्या जीपला निघाला. आमच्या दारातल्या ओट्यापाशी आला की तो नेहमी गोटी ठेवून बघायचा. तसा त्याचा हात खिशात गेला, आणि तसाच रिकामा बाहेर आला. तो हसला. मी आभार मानणारा माणूस न्हाई. मी म्हणालो, "जीप निघून जाईल. जल्दी करा."

मंग त्यानं दुसरी गोटी घेतली, पण ती त्याला पटली न्हाई. "ही लबाड हाय, भाऊ. उतार नसला तरी पळती," असं म्हणायचा. सहा वर्षं ती लबाड गोटी वागवली, आणि गेला. दुकानाच्या छताला ते बुजवलेलं गोल अजून दिसतं. नवं गिऱ्हाईक वर बघून विचारतं, हे काय? पोरगा माझ्याकडं बघतो. मी पोती मोजतो. पाइप मात्र एकदाही तुंबला न्हाई. बायको आता सत्तरीच्या पुढं गेली, आणि दार लावून पूर्व बंद करते. पश्चिमेकडून पाणी गेल्याचा आवाज आला की मला आधी ती आठवत न्हाई, तो आठवतो.

पण एक गोष्ट मी त्याला कधी सांगितली न्हाई. तो जीपनं गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. बायको झोपली होती, उशाशी तांब्या रिकामा. मी जन्मात पहिल्यांदा माझ्या हातानं तो माठातून भरला, काठोकाठ, आणि आणून तिच्या उशाशी ठेवला. ठेवला तसं पाणी काठावरून सांडलं. चारी बाजूंनी न्हाई, एकाच बाजूनं. एक बारीक ओघळ निघाला आणि फरशीवरून हळूहळू, वाट माहीत असल्यासारखा, पश्चिमेकडं गेला. मी बराच वेळ उकिडवा बसून त्याच्याकडं बघत राह्यलो. मंग इकडंतिकडं पाह्यलं, कुणी जागं न्हाई अशी खात्री केली, कागदाची घडी केली आणि तांब्याखाली मावळतीच्या बाजूला सरकवली.